कॅमेरा शिकवला, हिशेब राहिला

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"काका, मी बेळगावातला, वडगावचा. वय ४२. वडिलांचा स्टुडिओ होता, तोच चालवतो. लग्नाच्या ऑर्डरी घेतो आणि आठवड्यातून तीन दिवस एका कॉलेजात फोटोग्राफी शिकवतो. रविवारी घराच्या माडीवर दहा-बारा पोरांचा क्लास असतो. सकाळी कॉलेज, दुपारी काउंटरवर पासपोर्ट फोटो, रात्री अल्बमचं डिझाईन, असा दिवस जातो. मागच्या वैशाखात खानापूरकडच्या भावकीतल्या एका लग्नाला मी ४५ हजार सांगितले होते. पुढं निरोपच आला नाही. जेवायला म्हणून गेलो तर स्टेजवर माझाच विद्यार्थी कॅमेरा घेऊन उभा. दोन वर्षं माझ्याकडं शिकलाय. सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. मागनं कळलं, १८ हजारांत घेतलंय. तेव्हापासून वर्गात उभा राहिलो की हात आखडतो. परवा एका मुलीनं विचारलं, सर, मांडवात फोटोवर आडवे काळे पट्टे येतात ते कशानं? मला माहीत होतं, तरी 'सेटिंग बघावं लागेल' म्हणून टोलवलं. बायको म्हणते, शिकवणं बंद करा, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेताय. काय करू?"

तुमच्या पत्रात ४५ हजार आहेत, १८ हजार आहेत, खरं मला सगळ्यात जड वाटली ती त्या मुलीची ओळ. (आमच्या निपाणीकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, बेळगावातही म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.) ऑर्डर गेल्याचा राग कुणालाही येईल, त्यात लिहून कळवण्यासारखं फार नाही. उत्तर येत असून तुम्ही ते गिळलंत, आणि गिळलेलं घशात अडकलं म्हणून मला पत्र टाकलंत. तेव्हा आधी त्या मुलीचं उत्तर देऊन टाकू.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळं कार्यालयातले बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या १/५०० वर ठेवलं की सेन्सरच्या एका पट्टीला उजेड मिळतो, शेजारच्या पट्टीला मिळत नाही, आणि नवरीच्या शालूवर काळे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणायचं, म्हणजे प्रत्येक पट्टीला उजेडाचं पूर्ण आवर्तन मिळतं. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते बंद करून मेकॅनिकल घ्यायचं. स्टेजमागच्या एलईडी पडद्याची चाल मात्र वेगळी. तिथं नवरानवरी यायच्या आधी चार फोटो काढून बघणं हाच उपाय.

झालं. हे इथं छापून आलं, आता ते तुमचं गुपित राहिलं नाही. पुढच्या वर्गात तिला सांगून मोकळे व्हा.

गुपितांचं मला चांगलं ठाऊक आहे. माझी उमेदवारी कोल्हापुरात एका स्टुडिओत गेली. मालक फिल्म धुवायचं डेव्हलपर घरून करून आणायचे, तपकिरी बाटलीत. बाटलीवर चिठ्ठी नाही, वास घेऊन काही कळायचं नाही. चार वर्षं मी त्यांचे ट्रे धुतले, तापमान सांभाळलं, हायपोत (फोटो पक्का करायच्या द्रावणात) हात काळे केले, खरं त्या बाटलीत काय आहे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, हाताला चव यावी लागते. पुढं एकदा रद्दीच्या दुकानात फोटोग्राफीचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरची कृती होती: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, सगळं मिळून १ लिटर. निपाणीत स्वतःचा स्टुडिओ टाकल्यावर तसं करून पाहिलं. तीच बाटली! जगभरच्या डार्करूममध्ये जे उघडं पडलेलं होतं, ते मालकांनी चार वर्षं माझ्यापासून पदराखाली झाकून ठेवलं होतं.

आता गंमत बघा. मीही माझ्या हाताखालच्या पोरांशी तेच केलं. रिटचिंगची, म्हणजे निगेटिव्हवरचे डाग झाकायची, पेन्सिल कुठल्या नंबरची, कुठल्या बाजूनं चालवायची, ते दिसू नये म्हणून मी पोरांकडं पाठ फिरवून बसायचो. त्यातला एक पोरगा सोडून गेला आणि एसटी स्टँडसमोर दुकान घातलं. रिटचिंग त्याला येत नव्हतंच. त्यानं दर अर्धा ठेवला आणि माझी गिऱ्हाइकं गेली. मी झाकलेल्या गोष्टीचा मला एका पैचा उपयोग झाला नाही, कारण गिऱ्हाईक रिटचिंग बघून गेलंच नव्हतं.

तुमचं नेमकं हेच झालंय. त्या पोरानं तुमची कला नेलेली नाही. तुमच्या भावकीनं दोन आकडे ऐकले आणि लहान आकडा उचलला. मग तो आकडा इतका लहान कसा, हे बघायला हवं. मी कागद घेऊन बसलो. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. १८ हजारांतून अल्बमची छपाई-बांधणी साडेपाच हजार. व्हिडिओला दुसरा माणूस, चार हजार. लाईट धरणारा हजार. पेट्रोल-चहापाणी पाचशे, पेनड्राईव्ह आणि एखादी फ्रेम पाचशे. साडेअकरा हजार इथंच गेले. उरले साडेसहा. आता जे कुणी धरत नाही ते धरा: बॉडी आणि लेन्स मिळून १ लाख ६० हजारांची, ८० लग्नं ओढेल असं समजा, म्हणजे दर लग्नाला दोन हजारांची झीज. (मधल्या दर्जाच्या बॉडीच्या शटरला साधारण दीड-दोन लाख क्लिकचं आयुष्य सांगतात, आणि एका लग्नात अडीच हजार क्लिक सहज होतात. ८० लग्नांवर ताणू नका.) राहिले साडेचार हजार. दिवस किती? हळदीचा अर्धा, लग्नाचा एक, निवड आणि रंग दुरुस्तीचे दोन, अल्बमच्या डिझाईनचा एक, आणि 'मामांचा फोटो कुठाय' म्हणून फोन येतात त्यांचा अर्धा. पाच दिवस. दिवसाला ९००. आमच्याकडं गवंडी याच्यापेक्षा जास्त मागतो, आणि त्याची थापी दीड लाखाची नसते. शिवाय गवंड्याला चातुर्मास आडवा येत नाही.

त्या पोराला हे माहीत आहे का? मला नाही वाटत. अठरा हजार एकदम हातात आले, पोरगा खूश. दोन वर्षांनी शटर जाईल तेव्हा नवी बॉडी घ्यायला हातात काही नसेल, मग तो कर्ज काढेल किंवा गोव्याला नोकरी बघेल, आणि त्याच्या जागी १५ हजारवाला येईल. तुम्ही त्याला एक्स्पोजर शिकवलंत, कंपोझिशन शिकवलंत, किल्ल्यातल्या कमलबस्तीत नेऊन काळ्या दगडावरचा उजेड दाखवला असणार. (१२०४ सालचं जैन मंदिर आहे ते, छतावरचं दगडी कमळ टिपायचं तर पोरांची पाठ मोडते. ती मोडू द्यावी.) एका लग्नाचा दर कसा काढायचा, हे मात्र तुमच्या वर्गात कधी फळ्यावर आलं नाही. तुमच्या पत्रावरनं तरी तसंच दिसतं. तेव्हा बाजार पाडायला तुमचाच अभ्यासक्रम कारण झाला, असं मी म्हटलं तर रागावू नका.

म्हणून शिकवणं बंद करू नका. एक धडा वाढवा. येत्या रविवारी कॅमेरे पिशवीत ठेवायला सांगा आणि फळ्यावर वरचा हिशेब मांडा. तुमच्या वर्गात कन्नड पोरं असतीलच, त्यांना 'लेक्क' म्हणून सांगा. 'बेळकु' आणि 'नेरळु' तुम्ही आधीच सांगितलं असणार, उजेड-सावलीवाचून वर्ग पुढं सरकतच नाही. तसंच हेही. आणि आकडे तुमचे खरे घाला. तुम्ही ४५ हजार का सांगता ते पोरांपुढं उघडं करा. इथं तुमचा हात पुन्हा आखडेल, मला माहीत आहे. धंद्यात माणूस फोटो दाखवतो, वही दाखवत नाही. दाखवा. ज्यानं ती वही एकदा बघितली तो १८ हजार सांगताना अडखळेल. सगळे अडखळणार नाहीत. एखाद्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत असेल, तो दहा हजारांतही जाईल, त्याला बोलून उपयोग नाही.

आता तुमच्याकडं वळतो, कारण तुम्ही अगदीच सोवळे नाही. ४५ हजार कशाचे, हे त्या भावकीला सांगितलंत का? पत्रात तरी दिसत नाही. 'आपल्यातलेच आहेत, कळेल त्यांना' असं धरून चाललात ना? आपल्यातल्यांनाच सगळ्यात कमी कळतं. त्यांच्या लेखी तुम्ही आमक्याचा पोरगा, लहानपणी त्यांच्या अंगणात लिंबू-चमचा खेळलेला, त्याला एवढे कशाला द्यायचे? भावकीतली ऑर्डर एक तर फुकट करावी, नाहीतर पूर्ण दरानं. मधला आकडा दोन्हीकडं कडू लागतो.

परक्याला मात्र सांगता आलं पाहिजे. तुमच्या ४५ हजारांत दोन बॉडी आहेत, एक बंद पडली तर मुहूर्त थांबत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिलं जातं, आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी होते. (होते ना? होत नसेल तर पत्र बाजूला ठेवा आणि आधी डिस्क आणा. लग्न पुन्हा लावता येत नाही.) शेवटचं मंगलाष्टक कुठलं, भटजींचा आवाज कधी चढतो, आंतरपाट कुठल्या बाजूनं ओढला जाणार, हे तुमच्या पायांना माहीत आहे. आंतरपाट खाली गेल्यावर नवरीची नजर पहिल्यांदा वर येते. तो सगळा कारभार एका सेकंदाचा, आणि तेवढ्यात चार मावश्या अक्षता टाकत पुढं आलेल्या असतात. त्या पोरानं त्या वेळी मावश्यांच्या पाठी टिपल्या असतील, पैज लावतो.

शिवाय आपल्या भागात काम करणाऱ्याला दोन घरांचा रिवाज पाठ असावा लागतो. हळद म्हणा नाहीतर अरिशिन, अक्षता म्हणा नाहीतर अक्कीकाळु, पिवळा रंग सारखाच असतो आणि कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला (आपोआप रंग जुळवायच्या सोयीला) तो सारखाच फसवतो. खरं विधींचा क्रम वेगळा असतो, कुठल्या क्षणी कुणाला पुढं येऊ द्यायचं ते वेगळं असतं. गोकाकच्या लिंगायत घरात आणि उचगावच्या मराठा घरात एकाच जागी उभं राहून चालत नाही. हे यूट्यूबवर मिळत नाही, हे तुमच्याबरोबर मांडवात उभं राहूनच कळतं. झाकलं तरी ते चोरता येत नाही आणि सांगितलं तरी लगेच उचलता येत नाही, मग झाकायचं कशाला?

स्वतः काम करणाऱ्यानं शिकवायचं, ही आपल्या गावाला नवी गोष्ट नाही. बेळगावात के. बी. कुलकर्णी स्वतः चित्रं काढत होते आणि पोरांना शिकवत होते. त्यांच्याच हाताखाली शिकलेले रवी परांजपे पुढं देशभर नावाजले गेले. माझा चित्रकलेशी संबंध बेताचाच, तरी त्या दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघितली की मला बरं वाटतं. शिष्याचा हात गुरूपेक्षा वेगळाच चालतो.

वहिनींचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. त्यांना दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही: सकाळी कॉलेज, रात्री एक वाजता अल्बम, आणि रविवारी माडीवर डझनभर चपला. त्या 'शिकवणं बंद करा' म्हणाल्या, त्यातला निम्मा अर्थ 'जरा घरात बसा' असा असणार. तेव्हा कामाची मांडणी बदला. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत तुमचा सीझन. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. रविवारचा क्लास त्या चार महिन्यांत घ्या आणि सीझनमध्ये सरळ बंद ठेवा. खानापूरकडच्या पावसात तसंही बाहेर जाता येत नाही. माडीवर बसून पोरांकडून लेन्स पुसून घ्या, डब्यात सिलिका जेल टाकायला शिकवा, बुरशी कशी दिसते ते दाखवा. एखादी बुरशी लागलेली जुनी लेन्स तुमच्या वडिलांच्या कपाटात असणारच, ती यासाठी उपयोगी. भाद्रपदात गणपती येतात. झेंडा चौकात टिळकांनी १९०५ साली सार्वजनिक गणपती बसवला तेव्हापासून या गावाला उत्सवाची हौस दांडगी. कपिलेश्वर तलावाकडं जाणारी विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते. कमी उजेड, हलती माणसं, गुलाल, ढोल, असा वर्ग पैसे देऊनही मिळणार नाही. फक्त लेन्सवर गुलाल बसू देऊ नका, आणि ड्रोनचं नाव काढू नका. एका बाजूला मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, दुसरीकडं सांबऱ्याचा विमानतळ, हौसेनं उडवलेला ड्रोन कुणाच्या टेबलावर जाऊन बसेल याचा नेम नाही.

दुपारचं काउंटर एखाद्या विद्यार्थ्याला द्या, पगार देऊन. पासपोर्ट फोटोला चेहऱ्यावर सारखा उजेड कसा पाडायचा, म्हातारीला हनुवटी वर कर म्हणून कसं सांगायचं, रडणाऱ्या पोराचे डोळे उघडे कधी मिळतात, हे तीन महिने केलं की त्याला माणसं हाताळता येतील. तुम्हाला दुपारची झोप मिळेल. कॉलेजच्या मानधनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. ते वेळेवर येत असेल तर तुम्ही नशीबवान.

राहिला तो पोरगा. मांडवात सगळ्यांदेखत पाया पडला, ते तुम्हाला जखमेवर मीठ वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. 'सर, ही ऑर्डर माझ्याकडं आलीय, घेऊ का?' एवढं विचारायला त्याची जीभ वळली नसेल, आणि तुम्ही दारातून येताना दिसल्यावर वाकण्यापलीकडं त्याला काही सुचलं नसेल. चूक त्याची आहेच. गुरूनं भाव सांगितलेल्या घरी शिष्यानं न विचारता जायचं नसतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते तुम्हीच सांगा, वर्गात सगळ्यांना, त्याचं नाव न घेता: दुसऱ्याची बोलणी चालू असलेल्या ऑर्डरीत शिरायचं असेल तर आधी एक फोन करायचा. समोरचा 'घे' म्हणाला तर घ्यायची. हा नियम तुम्हालाही लागू. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या गावची ऑर्डर चालत आली तर त्याला फोन करा, मग बघा पोरं कशी बघतात तुमच्याकडं.

आणि तुळशीचं लग्न व्हायच्या आत त्या पोराला फोन करा. मागचं काढू नका, त्यानं काढलं तर ऐकून घ्या. सीझनच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीला दुसरा कॅमेरा लागणार आहे, येतोस का म्हणून विचारा. येईल. मग दिवसाचे किती घेणार ते त्यालाच सांगू दे. आकडा नेहमीसारखा कमी सांगितला तर फोन ठेवू नका, म्हणावं, वही काढ, पेट्रोलपासून लिहायला घे, मी थांबतो.